सात नंबरची केस

माझ्या भावाला तुम्ही खोटारडा ठरवलंत. तोंडावर नाही, कागदावर. त्याच्या निळ्या कार्डावर तीन शब्द लिहिलेत: रुग्णाचं सांगणं अविश्वसनीय. हे कुणी लिहायला लावलं, ते मी चार टेबलांवर विचारलं. चौघांनीही बोट वर केलं. वर म्हणजे तुम्ही. तुमचं नाव मला ठाऊक नाही, चेहराही नाही, म्हणून नुसतं तुम्ही म्हणते. घडलं ते सगळं सांगते. त्यात माझी चूक आहे, तीही सांगते. मग तुम्ही बोला.

मी नांग ये. संत्र्यांच्या बागेत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथे राहते. पहाटे क्षयाच्या गोळ्या वाटते, दिवसभर फळं खुडते, आणि आमची शान भाषा थाईत करून सांगायला कुणी हवं असलं की रुग्णालयातून फोन येतो. गळ्यात स्वयंसेविकेचं कार्ड आहे. थाई अक्षरं मी खताच्या पोत्यांवरून शिकले. म्हणून काय लिहिलंय ते मला वाचता येतं, आणि काय वगळलंय तेही कळतं.

खोलीत आम्ही चौघं. मी, धाकटा भाऊ साय साम, त्याची बायको नांग मोक, आणि त्यांची दीड वर्षाची पोर. साम सीमेवरच्या डोंगरापलीकडे, आमच्या मुलखात, खाणीत होता, तेव्हा तिथल्या सगळ्यांसारखा पांढरी, म्हणजे हेरॉइन, ओढायला लागला, मग टोचायला. इकडे आल्यावर मोकने त्याला रुग्णालयाच्या खिडकीवर नेऊन उभं केलं. त्याला दोन वर्षं झाली. रोज सकाळी खिडकी, नर्ससमोर इवल्याशा पेल्यात पांढरीची ओढ थोपवणारं लाल मेथाडोन, वर एक घोट साधं पाणी. आम्ही त्या औषधालाच पाणी म्हणतो. पाणी घेतलं की माणूस दिवसभर माणूस राहतो. फवारणीच्या पंपाच्या पट्ट्यात सामच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हासुद्धा त्याने पांढरीला हात लावला नाही. नुसता पट्ट्याच्या आयमायचा उद्धार करत बसला.

खोकला सुरू झाला तो ऐन तोडणीच्या तोंडावर. थुंकीत क्षय निघाला. निळ्या कार्डाला पिवळं कार्ड जोडून मिळालं. जोडून म्हणते खरी, पण नियम असा की एका खिडकीचं कार्ड दुसऱ्या खिडकीला दाखवायचं नाही. रुग्णाचं गुपित राखायचं असतं. साम निळं डाव्या खिशात ठेवायचा, पिवळं उजव्या.

दोन आठवडे त्याला पंपाच्या शेडमध्ये वेगळं झोपवलं. पोरीला लागण होऊ नये म्हणून चिरलेल्या गोळीचा तुकडा केळ्यातून द्यायला लागलो. आणि रोज पहाटे मी सामपुढे उभी राहायचे, तळहातावर चार लालसर गोळ्या घेऊन. गिळ. तोंड उघड. जीभ वर कर. मला शिकवलेलंच तसं. पहिले आठ दिवस तो थट्टा करायचा, म्हणायचा, "ताई, घोडा विकत घेतेयस का? दात पण मोज." लघवी संत्र्याच्या रसासारखी होते म्हणून बागेतले सगळे त्याला हसायचे. तोही हसायचा.

दहाव्या दिवशी हसणं बंद झालं.

जांभया यायला लागल्या. एक संपायच्या आत दुसरी. नाक गळायला लागलं, डोळ्यांना धार. थंडी होतीच, धुकं दहा वाजेपर्यंत झाडांवरून उठत नव्हतं, म्हणून आम्ही पडसं समजलो. पण दुपारी ऊन पडलं तरी त्याच्या अंगावर काटा तसाच. पोटाला कळा, आणि पाय गाढवासारखे झाडायचा. मला म्हणाला, ह्या गोळ्या चालू झाल्यापासून पाणी पुरत नाही, दुपारीच संपतं. मी म्हटलं, सगळे हेच म्हणतात.

ही माझी पहिली चूक. लिहून ठेवा.

कारण सगळे खरंच हेच म्हणतात. खिडकीवर उभ्या असलेल्या चाळीस माणसांतली तीस म्हणतात, बाई, थोडं वाढवा. नर्स पिम दहा वर्षं तेच ऐकतेय. वाईट बाई नाही ती. मोकच्या पोरीला तिने स्वतःच्या लेकीचे स्वेटर दिलेत. पण सामने क्षयाच्या गोळ्यांचं सांगून पाणी वाढवून मागितलं तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेला पुसत म्हणाली, क्षयाच्या गोळ्यांनी तसं वाटतं, मनाचे खेळ असतात, खंबीर राहा.

पंधरा दिवस पुरे झाले आणि तो कामावर परतला. संत्रं ओढून काढत नाहीत. कात्रीने दोनदा कापतात. आधी देठ लांब ठेवून, मग हातात धरून फळाशी भिडवून, असं की देठाचं बूड फळाला टोचणार नाही आणि साल चिरणार नाही. चिरलेलं एक फळ खोक्यातली दहा नासवतं. साम हे काम झोपेत करायचा, उरलेल्या तीन बोटांनी फळ तोलून. त्या दिवशी त्याच्या टोपलीतलं प्रत्येक चौथं फळ चिरलेलं निघालं.

मुकादम लाओने टोपली सगळ्यांसमोर पालथी केली. एकेक फळ उचलून त्याच्या तोंडापुढे धरायला लागला. आमच्यातलाच माणूस, पलीकडून आलेला, दहा वर्षांपूर्वी आमच्याच खोल्यांत राहायचा. म्हणाला, "साय साम, दोन बोटं पंपाने खाल्ली, बाकीची पावडरीने खाल्ली का?" बाया हसल्या. मोक शिडीवर होती. ती हसली नाही आणि खाली उतरलीही नाही. चिरलेली फळं सामने एकट्याने वेचली, आणि वेचताना त्याच्या नाकाचं पाणी फळांवर टपकत होतं. लाओ म्हणाला, ती आता डुकरांनाही घालू नका.

त्या संध्याकाळी सामने दोन वर्षांत पहिल्यांदा पांढरी टोचली. कालव्यापलीकडे ती भाजीसारखी मिळते, तिथे कुणी कार्ड मागत नाही. एकदाच. मला स्वतःच येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी खिडकीवरही सांगितलं, कारण त्याला वाटलं की खरं सांगितलं तर लोक विश्वास ठेवतील. पिमने बाटली दिली, लघवी तपासली, निळ्या कार्डावर लाल शिक्का मारला. आणि त्याखाली ते तीन शब्द.

शिक्क्याचा अर्थ मोकने मला वाचायला लावला. सहा आठवडे लघवी स्वच्छ आल्याशिवाय डोस वाढणार नाही.

मोक म्हणाली, "म्हणजे पाणी पुरत नाही म्हणून टोचायचं, आणि टोचलं म्हणून पाणी वाढवायचं नाही. ताई, हे लिहिणारा माणूस काय खातो?"

मी तिला गप्प केलं. माझ्या गळ्यात कार्ड होतं ना.

त्यानंतर साम बरा दिसायला लागला. जांभया गेल्या, कात्री सरळ चालायला लागली. लाओने टोपली पाहिली आणि काही बोलला नाही, म्हणजे कौतुकच. मला वाटलं, बघा, खंबीर राहिला. रोज पहाटे गोळ्या गिळत होता, जीभ वर करत होता. फक्त लघवीचा रंग उतरला होता, आणि तो मी पाहिला नाही.

पाचव्या दिवशी मोक भाताबरोबर भाजायला थुआनावची चकती काढत होती. आंबवलेल्या सोयाबीनच्या त्या चकत्या आम्ही पत्र्याच्या डब्यात ठेवतो, वास बाहेर येऊ नये म्हणून. डब्याच्या तळाशी गोळ्या होत्या. वीस. काही अर्धवट विरघळलेल्या, आजूबाजूला लाल डाग. जीभ वर केली तरी वरच्या दाढेमागे गोळी राहते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

साम नुकताच फवारणीवरून आला होता, अंगाला औषधाचा वास. मोकने डबा त्याच्या छातीवर फेकला आणि पोरीला त्याच्या मांडीवर आदळली. म्हणाली, "हिच्या तोंडावर खोक. माझ्यादेखत खोक. निदान आम्हाला कळू दे काय चाललंय ते."

मीही काही कमी बोलले नाही. खोटारडा म्हटलं. तुम्ही लिहिलंत, मी म्हटलं. साम सगळं ऐकून घेत होता, पोरीचं तोंड स्वतःपासून पलीकडे वळवून. मग म्हणाला, "ताई, गोळी घेतली की पाणी टिकत नाही. गोळी सोडली की तिसऱ्या दिवशी पाणी टिकतं. मी करून बघितलंय. मला अक्षर येत नाही, पण माझं अंग मला वाचता येतं."

आणि म्हणाला, "तू पाणी वाढवून आण. मी गोळी गिळतो. हवं तर लाओसमोर गिळतो. मला काय मरायची हौस आहे?"

गोळ्या मी बाहीला पुसून कागदात बांधल्या आणि क्षयाच्या खिडकीवर नेल्या. डॉक्टर थनित तिथे असतात, नवे, तरुण, हात सतत धूत असतात. त्यांनी सगळं नीट ऐकलं. सामचं पाणी, गोळ्या, टोचणं, सगळं लिहून घेतलं. म्हणाले, छान केस आहे. बुधवारच्या प्रशिक्षणात मांडतो.

बुधवारचं प्रशिक्षण तुम्हाला माहीतच आहे, तुम्हीच सुरू केलंत. सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे डॉक्टर, नर्सा पडद्यावर एकत्र येतात आणि संसर्गाचे रोग आणि व्यसन ह्यांवर एकमेकांना शिकवतात. वरच्या मजल्यावर, दुपारी बारा ते दोन. जेवणाचे डबे मिळतात. कर्मचारी शिकायला वर जातात म्हणून त्या दिवशी औषधाची खिडकी एक तास आधी बंद होते. सकाळची पहिली फेरी पुरी केल्याशिवाय मुकादम बागेतून कुणाला सोडत नाही, तेव्हा बुधवारी आमची सात-आठ माणसं बंद खिडकीसमोर पोचतात. तिथे चकचकीत कागद लावलेला असतो: रुग्णांच्या अधिक चांगल्या सेवेसाठी आज सेवा लवकर बंद. त्यावर हात मिळवणाऱ्या दोन हातांचं चित्र आहे. सगळी बोटं शाबूत असलेल्या हातांचं.

त्या बुधवारी साम त्या कागदासमोर उभा होता. मी त्याच्या शेजारून जिना चढून वर गेले, कारण पलीकडच्या डोंगरातल्या एक डॉक्टरीणबाई बोलणार होत्या, त्या शानमध्ये बोलतात, आणि त्यांचं थाई करायला मला बोलावलं होतं. आधी मी डबे वाटले. तीस डबे. नर्स पिम तिसऱ्या रांगेत वही उघडून बसली होती.

डॉक्टर थनित उभे राहिले. पडद्यावर अक्षरं आली: केस क्रमांक सात. पुरुष, वय चौतीस, शेतमजूर. नाव नाही, गाव नाही, बागही नाही. हा तुमचा नियम, रुग्णाची ओळख काढून टाकायची. ते भराभर वाचत होते. क्षय, मेथाडोन, डोस पुरत नाही असा दावा, पुन्हा अमली पदार्थ, आता गोळ्या लपवणं. प्रश्न: असहकार करणाऱ्या रुग्णाला कसं हाताळावं? लोक डब्यातल्या कोंबडीची हाडं बाजूला काढत होते. शब्द कानावर पडत होते, पण माझं लक्ष नव्हतं. पलीकडची बाई बोलायला लागली की दचकू नये म्हणून घसा साफ करत होते.

पडद्यावर कोपऱ्यातल्या चौकटीत ती दिसली. म्हातारी, डोक्याला लोकरीचं फडकं, मागे बांबूची भिंत. डॉक्टर नांग सेंग. ती एक वाक्य बोलायची, थांबायची, मी थाईत सांगायचे.

ती म्हणाली, मी सांगितलं: हा माणूस खोटं बोलत नाही.

ती म्हणाली, मी सांगितलं: ती लाल गोळी यकृताला चेव आणते, आणि यकृत मेथाडोन वेळेआधीच खाऊन टाकतं. गोळी चालू केल्यावर आठ-दहा दिवसांत हे होतं. पेल्यात औषध तेवढंच दिसतं, पण माणसाच्या अंगात अर्धंच उरतं.

मी सांगितलं: तेव्हा डोस वाढवायचा. त्याने मागायची वाट बघायची नाही, रोज त्याला बघायचं आणि थोडा थोडा वाढवत न्यायचा. आणि सहा महिन्यांनी गोळी बंद केली की न विसरता खाली आणायचा, नाहीतर तोच डोस त्याला मारेल.

मग ती म्हणाली, "त्याच्या समोर उभं राहून त्याला रोज गोळी गिळायला लावणारं जे कुणी असेल, त्याने ह्या माणसाची माफी मागावी."

हे वाक्य माझ्या तोंडातून थाईत बाहेर पडलं. अर्धं बाहेर पडलं तेव्हा मला कळलं. बाकीचं अर्धं कसं पूर्ण केलं ते आठवत नाही. हॉलमध्ये सगळे माना डोलावत होते. नर्स पिमने वहीत काहीतरी लिहून खाली दोनदा रेघ मारली.

मी म्हटलं, "हा माझा भाऊ आहे. साय साम. तो खाली खिडकीवर उभा आहे."

कार्यक्रम चालवणाऱ्या बाईंनी झटकन हात वर केला. आवाज गोड होता. म्हणाल्या, "ताई, इथे नावं घेत नाही आपण. रुग्णाच्या गुप्ततेचा प्रश्न आहे." आणि पडद्याकडे वळून सगळ्यांना सांगितलं की हे वाक्य नोंदीतून काढून टाकू. केस क्रमांक आठ आली.

दोन वाजता टाळ्या झाल्या. सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली, मलाही मिळालं. सोनेरी कडा आहेत त्याला.

जिन्यात मी पिमला गाठलं. म्हटलं, वहीत काय लिहिलंत ते खाली येऊन करा ना, तो अजून उभा आहे. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, ती केस सात नंबरची होती, ती सामचीच हे मी कागदावर कसं दाखवू? तिला नाव नाही. आणि डोस मी वाढवू शकत नाही, तो व्यसनाच्या डॉक्टरीणबाई वाढवणार. त्या एका सोमवाराआड येतात.

डॉक्टर थनितांकडे गेले. ते म्हणाले, मी क्षयाचा डॉक्टर, मेथाडोनच्या कागदावर मला सही करता येत नाही, पण मी चिठ्ठी पाठवतो. चिठ्ठी नोंदणी टेबलावर गेली. नोंदणीवाला म्हणाला, पिवळ्या कार्डावरची चिठ्ठी निळ्या कार्डाच्या फायलीत लावायची परवानगी नाही. परवानगी कोण देतं? त्याने बोट वर केलं.

मी असं टेबलाटेबलाला विचारत फिरत होते तेवढा वेळ साम खिडकीखालच्या बाकावर बसून होता, दोन्ही कार्डं मांडीवर शेजारी शेजारी ठेवून. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि माफी मागितली. तो म्हणाला, मरू दे, पाण्याचं काय झालं ते सांग.

सोमवार आला. डॉक्टरीणबाई आल्या नाहीत. शहरातल्या हॉटेलात सीमाभागातल्या डॉक्टरांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, त्या शिकवायला गेल्या होत्या. विषय काय होता, सांगू? क्षय आणि व्यसन एकत्र असलेला रुग्ण. पिमने मला मोबाईलवर फोटो दाखवला. आमच्या सात नंबरची केस भिंतीएवढ्या पडद्यावर झळकत होती.

तोवर सामने काय करायचं ते त्याने आणि मोकने बसून ठरवलं, मला न विचारता. एक दिवस गोळी, एक दिवस नाही. एक दिवस पोरीसाठी, एक दिवस कामासाठी, असं मोक म्हणाली. मी सांगितलं की असं केलं तर क्षय मरत नाही, शिकून शहाणा होतो, आणि मग कुठल्याच गोळीला दाद देत नाही. मोक कात्रीला तेल लावत होती. म्हणाली, "छान. तो पण शिकतोय. त्याला पण प्रमाणपत्र द्या."

पुढच्या पाळीच्या सोमवारी बाई आल्या. सामला मी स्वतः नेलं, दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली, निळ्याखाली पिवळं लपवलं नाही. त्यांनी पिवळं मागे सरकवलं, निळं उघडलं, लाल शिक्का बघितला. मी लाल गोळीचं सांगितलं, यकृताचं सांगितलं, नांग सेंगचे शब्द जसेच्या तसे सांगितले. बाई दमलेल्या होत्या. म्हणाल्या, "मला माहीत आहे हो. मीच शिकवते ते. पण शिक्का आहे. सहा आठवडे स्वच्छ येऊ द्या, मग वाढवते. नियम माझा नाही."

सामने विचारलं, "बाई, मग मी कुठल्या महिन्यात खोकू?"

बाईंनी घंटी वाजवली. पुढचा माणूस आत आला.

हे परवाचं. काल साम शिडीवर खोकला आणि रुमालात रक्त दिसलं. रुमाल लाओने पाहिला आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. नुसता दोन पावलं मागे सरला, आणि संध्याकाळी निरोप आला की तोडणी संपेपर्यंत साय सामने बागेत यायचं नाही. खोली बागेची आहे. पोर आज सकाळी शिंकली, तर मोकने तिला उचलून उन्हात नेलं आणि तिचं कपाळ तीनदा चाचपलं.

म्हणून हे लिहितेय. प्रमाणपत्राच्या पाठीमागे लिहितेय, कागद जाड आहे, शाई फुटत नाही. वर नाव घालते: साय साम, चौतीस, डाव्या हाताला तीन बोटं. कुणालाही दाखवा, त्याची परवानगी आहे, खाली त्याने अंगठा दिलाय. ह्याचं गुपित राखू नका. ह्याला पाणी द्या.

केस क्रमांक सातला तुम्ही तासाभरात उत्तर दिलंत, टाळ्या वाजवून. उद्या पहाटे साडेपाचला मी चार गोळ्या तळहातावर घेऊन साय सामसमोर उभी राहणार आहे. त्या गिळल्या तर दुपारी तो कालव्यापलीकडे जाईल. नाही गिळल्या तर पोर त्याच्याच श्वासात झोपेल. तो माझ्या हाताकडे बघेल, मग माझ्याकडे. तेव्हा मी त्याला काय सांगू? गिळ म्हणू, की नको म्हणू?

साडेपाचच्या आत सांगा.